विनूच्या छतावरचा कोल्हा

"ताई, तू कोल्हे शोधत उन्हातान्हात माळ तुडवतेस आणि इकडे माझ्या डोक्यावर कोल्हा राहायला आलाय," असं माझा धाकटा भाऊ विनू सिंगापूरहून फोनवर म्हणाला, तेव्हा मी एका मेंढवाड्याबाहेर उभी होते. एका हातात सिरिंज आणि दुसऱ्या हातात फोन. पन्नास मेंढ्या टोचून झाल्या होत्या, तीस राहिल्या होत्या. "सिंगापुरात कोल्हे नसतात," एवढं सांगून मी फोन ठेवला. पण डोक्यात किडा शिरला तो शिरलाच.

मी पशुधन पर्यवेक्षक आहे. बारामती-इंदापूरकडच्या वाड्यावस्त्यांवर स्कूटरवरून जाऊन जनावरांना लसी टोचणारी बाई म्हटलं की लोकांना लवकर कळतं. डिकीत एका बाजूला बर्फातल्या लसी असतात आणि दुसऱ्या बाजूला टॉवेलात गुंडाळलेला कॅमेरा. खास फोटोंसाठी म्हणून मी कधी कुठे जात नाही. कामाच्या वाटेवर जे दिसतं ते टिपते: तारेवरचा नीळकंठ, म्हशीच्या पाठीवरचा कोतवाल, आणि नशीब असेल तर बांधावर ऊन खात बसलेलं खोकड. खोकड म्हणजे आपल्या माळावरचा छोटा, शेपटीचं टोक काळं असलेला कोल्हा. त्याची बिळं कुठे आहेत हे मेंढपाळ मला सांगतात आणि मी ते दुसऱ्या कुणाला सांगत नाही. अशी आमची समजूत आहे.

विनू पंधरा वर्षांपासून तिकडे बँकेत आहे. पंधरा वर्षं "ये, ये" म्हणत होता आणि मी "बघू, बघू" म्हणत होते. शेवटी भावाच्या मायेने नाही, त्याच्या छतावरच्या कोल्ह्याने मला रजेचा अर्ज लिहायला लावला. हे मी विनूच्या तोंडावर सांगितलं आणि तो हसला, पण थोडासाच.

बुओना व्हिस्टा

बुओना व्हिस्टा भागातला विनूचा कॉन्डो, म्हणजे फ्लॅटची सोसायटी, चकाचक काचेचा मनोरा असेल असं मी धरून चालले होते. निघाली चार मजली जुनी इमारत, वर उतरतं कौलारू छप्पर, आणि भोवती आंबा, फणस, पपई. फाटकाबाहेर पाच मिनिटांवर काचेची ऑफिसं आणि गळ्यात ओळखपत्रं अडकवून लगबगीने चाललेली तरुण पोरं, आणि फाटकाच्या आत सासवडच्या एखाद्या बागेतल्यासारखी सावली. विनू चौथ्या मजल्यावर राहतो, म्हणजे बरोबर छपराखाली.

पहिल्याच संध्याकाळी घरात एक वास आला. मी म्हटलं, "मेघना, आंबेमोहोर टाकलास होय गं?" मेघना म्हणजे माझी भावजय. तिने आणि माझ्या भाचीने, ईराने, एकमेकींकडे बघितलं. मेघना म्हणाली, "ताई, मी पोळ्या करतेय. तीन आठवडे रोज संध्याकाळी हा वास येतो. मला वाटायचं शेजारच्या मावशी पांदानची सुवासिक पानं घालून भात शिजवतात. त्यांना वाटायचं मी शिजवते."

मी खुर्चीवर चढून छताच्या लाकडी पट्टीला नाक लावलं. वास तिथूनच येत होता. खोकडाच्या बिळाजवळ मी इतक्यांदा पोटावर पडले आहे की त्याचा उग्र वास मला झोपेतही ओळखता येईल. तांदळाच्या वासाचा कोल्हा देवाने अजून केलेला नाही. पण असा वास सोडणारं एक जनावर आपल्याकडे आहे. कोकणात त्याला कांडेचोर म्हणतात, कुणी उदमांजर म्हणतं. मांजराएवढा देह, लांब शेपूट, डोळ्यांभोवती काळा पट्टा, आणि फळांवर भारी जीव.

"मग कोल्हा कुणी म्हटलं?" मी विचारलं.

"युसूफ पाकचिकनी," विनू म्हणाला. पाकचिक म्हणजे मलयमधलं काका. साठी उलटलेले हे गृहस्थ इमारतीची बाग बघतात आणि जिने झाडतात. सकाळी मी त्यांना गाठलं. त्यांचं इंग्रजी आणि माझं इंग्रजी एकाच दुकानातलं, त्यामुळे आमचं छान जमलं.

"मुसांग, लाह," ते म्हणाले. 'लाह' म्हणजे तिकडचं 'बरं का', जाता-येता वाक्याला जोडायचं. "तुमच्या भावाने विचारलं, इंग्रजीत काय? मी म्हटलं फॉक्स. शाळेत मास्तरांनी तेच शिकवलं. मुसांग म्हणजे फॉक्स."

मी फोनवर कांडेचोराचं चित्र दाखवलं. त्यांनी जोरजोरात होकाराची मान हलवली. म्हणजे मास्तरांच्या एका शब्दावर विश्वास ठेवून मी समुद्र ओलांडून आले होते. मला हसू आवरेना. पाकचिकही हसले, आणि मग हसता हसता थांबून त्यांनी कौलांच्या कडेखालचं एक भोक दाखवलं.

"आई आहे," ते म्हणाले. "आत पिल्लं आहेत. जिन्यावर झाडताना मी ऐकलं, चीं चीं. कमिटीला सांगितलं. ते म्हणतात उंदीर असतील. शुक्रवारी भोक बंद."

घरी येऊन मी विनूला विचारलं. कॉन्डोच्या कमिटीचा सेक्रेटरी तोच. तो म्हणाला, "ताई, मी काही राक्षस नाही. काम करणारी माणसं शुक्रवारी संध्याकाळी येणार. ते जनावर बाहेर पडलं की मगच भोकाला जाळी ठोकायची. फळं खायला त्याला सगळं रान मोकळं आहे. कुणाला काही इजा नाही."

"आणि आत पिल्लं असली तर?"

"पुरावा दाखव. पाकचिकना चीं चीं ऐकू आलं, एवढ्यावर मी काम थांबवू शकत नाही. वीस घरांनी मंजूर केलंय." त्याच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळं होती. तीन आठवडे रात्रभर डोक्यावर धावपळ, सकाळी सातला कामाचे फोन, बेडरूमच्या छतावर पसरत चाललेला पिवळा डाग. त्याचा राग मला कळत होता. पण आईला बाहेर काढून दार लावायचं आणि पोरं आत उपाशी, हे चित्र काही डोळ्यांपुढून हलेना. रविवार होता. माझ्या हातात पाच संध्याकाळी होत्या.

क्लेमेंटी

कांडेचोर दिवसा झोपतं, तेव्हा दिवस माझे मोकळे होते. सोमवारी मी बसने क्लेमेंटीला गेले. उंच सरकारी इमारती, प्रत्येक खिडकीतून बांबूवर वाळत घातलेले कपडे, आणि खाली रस्त्याकडेला गवत कापणारी माणसं. डोक्यावर रुंद टोपी, तोंडावर जाळी, कमरेला गरगर फिरणारं यंत्र. आणि त्यांच्या मागे रांगेत गायबगळे!

मी जागच्या जागी थांबले. आपल्याकडे हा बगळा म्हशीच्या मागे असतो, नांगराच्या मागे असतो. गवत हललं की किडे उडतात, आणि किडे उडाले की याचं जेवण होतं. इथे म्हैस नाही, नांगर नाही, तर त्याने यंत्रवाल्यालाच म्हैस मानलं होतं. माणूस दोन पावलं पुढे गेला की बगळे दोन पावलं पुढे. तो घाम पुसायला थांबला की तेही माना वाकड्या करून थांबत.

मी रस्त्यावर मांडी घालून बसले आणि फोटो घेतले. यंत्र बंद झाल्यावर तो माणूस जवळ आला. बांगलादेशातला होता, आम्ही हिंदीत बोललो. मी त्याला कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर फोटो दाखवला. त्याने बराच वेळ बघितला. "मेरे पीछे इतने रहते हैं?" तो म्हणाला. "मैंने कभी पीछे देखा ही नहीं." मग त्याने तो फोटो फोनवर मागून घेतला, बायकोला पाठवला आणि पुन्हा यंत्र सुरू केलं. या वेळी त्याने दोनदा मागे वळून बघितलं.

दुपारी हॉकर सेंटरमध्ये जेवले. हे म्हणजे एका छताखाली पन्नास गाड्यांची खाऊगल्ली, फक्त झाडून पुसून लख्ख. रिकाम्या टेबलावर कागदी रुमालांचं पाकीट पडलेलं दिसलं. कुणी तरी विसरलं, असं समजून मी ते उचललं आणि ट्रे घेऊन चाललेल्या एका बाईंना धावत जाऊन दिलं. त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. ते पाकीट म्हणजे जागा धरल्याची खूण होती! एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणाऱ्या मुलखातली बाई मी, आणि मलाच ते कळू नये. त्या बाईंनी मग मला शेजारी बसवून घेतलं आणि 'कॅरट केक' खाच म्हणाल्या. आला तो मुळ्याचा, अंड्यात परतलेला, झणझणीत. गाजराचा पत्ता नाही. या गावात नावावर जाऊ नये, हा दोन दिवसांतला दुसरा धडा.

साळुंक्या मात्र आपल्यासारख्याच आगाऊ. ट्रे परत ठेवायच्या मांडणीवर त्या ओळीने बसतात, आणि सफाई करणाऱ्या आजीबाई मांडणीकडे वळल्या की एका सुरात ओरडतात. आजीबाईंनी फडका उगारला, त्या उडाल्या, आजीबाई वळल्या, त्या परत आल्या. हा खेळ दोन्ही बाजूंच्या सवयीचा दिसला. चाळीस फोटो काढले, पण चांगला एकच आला. त्यात आजीबाई हसताहेत आणि साळुंकीच्या चोचीत मुळ्याचा तुकडा आहे.

हात दाखवून अवलक्षण

मंगळवारी संध्याकाळी साडेसहालाच मी इमारतीसमोर पार्किंगमध्ये मोर्चा लावला. तिपाई, तिच्यावर माझी हातभर लेन्स, आणि नेम छपराच्या कडेवर. सोमवारी मी नुसतं बघितलं होतं: सव्वासातच्या सुमारास भोकातून एक सावली बाहेर पडली आणि फणसात नाहीशी झाली. आज ती टिपायची होती.

सात वाजता विनूचा फोन. आवाज अगदी बारीक. "ताई, तू कुठेयस?"

"खाली."

"कमिटीच्या ग्रुपवर मेसेज आलाय. एक अनोळखी बाई मोठा कॅमेरा रोखून आपल्या खिडक्यांचे फोटो काढते आहे, सेक्रेटरींनी ताबडतोब लक्ष घालावं. खाली तीन जणांनी अंगठे दिलेत."

मी लेन्समधून नीट बघितलं. छपराच्या कडेखाली बरोबर चौथ्या मजल्यावरच्याच एका बाईंची न्हाणीघराची खिडकी होती. मी घाईघाईने लेन्स खाली वळवली. सेक्रेटरीसाहेब घरच्या कपड्यांत, एका पायात चप्पल आणि दुसऱ्या पायात ईराची चप्पल घालून, खाली आले. त्या बाईही आल्या, रखवालदारही आला. मी सगळे फोटो एकेक करून दाखवले. फणस, कौल, फणस, हळद्या, पुन्हा फणस. बाईंचा राग मावळला, पण "उद्यापासून दुसरीकडे उभ्या राहा," असं त्यांनी बजावलं, आणि ते योग्यच होतं. या गोंधळात कांडेचोर कधी बाहेर पडलं ते कुणीच बघितलं नाही.

"माझ्या सख्ख्या बहिणीविरुद्धची तक्रार मीच नोंदवून घेतली," विनू जेवताना म्हणाला. मेघना हसून हसून उठून गेली. विनूही हसला, पण घास तोंडात असतानाच त्याला जांभई आली.

बुकित बातोक

बुधवारी ईराला घेऊन बुकित बातोकच्या बागेत गेले. तिला शाळेची सुट्टी होती. ईरा अकरा वर्षांची आहे. मी मराठीत विचारते, ती इंग्रजीत उत्तर देते, आणि दोघींचंही काही अडत नाही. तिथे जुनी दगडाची खाण पाण्याने भरली आहे आणि मागे तुटका कडा सरळ उभा आहे. खालच्या वसाहतीतले आजोबा पाण्याकाठी संथपणे हातवारे करत व्यायाम करत होते आणि त्यांच्या पायांमधून रानकोंबडा आपल्या बायकांना घेऊन चालला होता. रानकोंबडा! आपल्याकडे तो नुसता आरवलेला ऐकायला मिळावा म्हणून जंगलात पहाटे जाऊन बसावं लागतं. इथे तो बसस्टॉपवर उभा असतो.

"आत्या, इट्स जस्ट चिकन लाह," ईरा म्हणाली. तिला माझा आनंद कळेना. पण मग ती माझ्याशेजारी पोटावर झोपली, मी तिच्या हातात कॅमेरा दिला, आणि तिने व्यायाम करणाऱ्या आजोबांच्या दोन पायांच्या कमानीतून कोंबड्याचा फोटो काढला. माझ्या सगळ्या फोटोंपेक्षा तो चांगला आहे. मला थोडा मत्सर वाटला, ते कबूल करते.

परत येताना तिने विचारलं, पिल्लं असली आणि बाबांनी भोक बंद केलं तर काय होईल? मी खरं ते सांगितलं. दोन-तीन दिवस ओरडतील, मग थांबतील. ती बसच्या खिडकीबाहेर बघत राहिली. संध्याकाळी इतका पाऊस कोसळला की समोरचा फणस दिसेना. बुधवार वाया गेला.

गुरुवारची संध्याकाळ

आता एकच संध्याकाळ उरली. युसूफ पाकचिकनी मला चौथ्या मजल्याच्या जिन्याबाहेरचा कोपरा दाखवला. तिथून कोणाची खिडकी दिसत नाही, आणि छपरातून निघून फणसाकडे जाणारी एक जाड वायर बरोबर डोक्यावरून जाते. "याच वाटेने जाते," ते म्हणाले. त्यांची सुट्टी साडेपाचलाच झाली होती, पण ते थांबले. पायरीवर बसून त्यांनी डब्यातला भात खाल्ला आणि घासागणिक मला विचारत राहिले, दिसलं? दिसलं?

सात वाजून दहा मिनिटांनी आतून खसखस ऐकू आली. भोकातून आधी मिशा आल्या, मग काळ्या पट्ट्यातले दोन डोळे. तिने आमच्याकडे बघितलं. मग ती वायरवर उतरली आणि अगदी सावकाश, एकेक पंजा मोजून टाकत, आमच्या डोक्यावरून फणसाकडे गेली. मी बोट दाबून धरलं. सगळा मिळून पाव मिनिटाचा खेळ.

आणि पिल्लू एकही नाही. भोकात काही हललं नाही, चीं नाही की चूं नाही. अंधार पडेपर्यंत आम्ही थांबलो. पाकचिकनी डबा पुसून पिशवीत ठेवला. "ट्राय केलं, लाह," ते म्हणाले, आणि जिना उतरून गेले. मला फार वाईट वाटलं. त्या माणसाचं कुणी ऐकलं नव्हतं आणि मलाही त्यांची बाजू धरता आली नव्हती.

शुक्रवारी नाश्त्याला

सकाळी टेबलावर मी लॅपटॉप उघडून बसले होते. शेजारी ईरा, समोर पोहे. फोटो म्हणून पाहिलं तर सगळा आनंदच होता. प्रकाश कमी, जनावर थेट डोक्यावर, त्यामुळे दिसतं ते नुसतं पोट. बावीस फोटो, त्यातल्या एकातही डोळा धड नाही. पक्ष्याप्राण्यांच्या फोटोत डोळा स्पष्ट नसेल तर फोटो टाकून द्यायचा, हे मी वर्षानुवर्षं पाळत आले आहे. एकेक फोटो मोठा करायचा, डोळा बघायचा, पुसायचा. दहा पुसून झाले.

विनू ऑफिसचे कपडे करून, चहाचा कप घेऊन मागे येऊन उभा राहिला. टाय बांधायची राहिली होती. पडद्यावर अकरावा फोटो होता, पोटच पोट.

"व्यालीय की ही," तो म्हणाला.

मी वळून बघितलं. तो पडद्याकडे बघत होता, कप ओठांशीच थांबला होता. त्याने बोट पुढे केलं. "हे बघ सड. ओढलेले आहेत. भोवतीचे केस गेलेत. ही पाजतेय."

मी पुन्हा पडद्याकडे बघितलं. दोन्ही बाजूंना गुलाबी, लांबट, चोखून चोखून उघडे पडलेले सड. शेंबडं पोरही सांगेल इतकं स्पष्ट. तीस वर्षं गाईम्हशींची कास तपासून पगार घेणारी बाई मी, आणि डोळ्यांच्या नादात पोटाकडे बघितलंच नाही! काखेत कळसा आणि गावाला वळसा. लाज वाटली, आणि त्याच क्षणी इतका आनंद झाला की मी विनूच्या हातावर फटका मारला आणि चहा सांडला.

विनू हसला नाही. आपण काय बोलून बसलो ते त्याला आत्ता कळत होतं. आज संध्याकाळी साडेसातला माणसं येणार होती. गप्प राहिला असता तर मी आणखी बारा फोटो पुसून लॅपटॉप मिटला असता आणि रात्री तो शांत झोपला असता. त्याने कप खाली ठेवला आणि फोन काढला.

पुढचं आधी सांगून टाकते आणि मग या टेबलाकडे परत येते. जाळी त्या दिवशी लागली नाही. मी रविवारी निघाले तेव्हा छतावर धुमाकूळ चालूच होता आणि विनू कानात बोळे घालून झोपत होता. पुढे एका संध्याकाळी युसूफ पाकचिकनी त्याला हाक मारून खाली बोलावलं. वायरवर आई पुढे आणि मागे तीन पिल्लं, शेवटचं दोनदा घसरलेलं. त्यानंतर आठवडाभर छत शांत राहिलं, मग माणसं आली आणि भोक बंद झालं. पिल्लांचा एक हललेला फोटो ईराने मला पाठवला आहे. तो मी पुसणार नाही.

तर, टेबल. विनूने फोटो कमिटीच्या ग्रुपवर टाकला आणि लिहायला लागला. "व्यालेलीला इंग्रजीत काय म्हणू गं?" ईराने शब्द सांगितला, त्याने लिहिला. काम पुढे ढकलावं, अशी विनंती केली. मिनिटभरात अध्यक्षबाईंचं उत्तर आलं. त्या निवृत्त वकील आहेत. अंधुक फोटोवरून हे तुम्हाला कसं कळलं, असं त्यांनी विचारलं होतं, आणि ते वकिलाला शोभेल असंच होतं.

विनूने लिहिलं, "माझी बहीण जनावरांच्या खात्यात आहे." मग ते पुसलं. मला वाटलं, का पुसलं? खरंच तर होतं. तो खिडकीकडे बघत बसला. मग त्याने काहीतरी छोटंसं लिहिलं आणि पाठवून दिलं. फोन त्याने माझ्यापुढे सरकवला. इंग्रजीत एवढंच होतं: आमच्या घरी म्हशी होत्या. धारा मी काढायचो.

ते खरं होतं. मला धार कधीच जमली नाही. माझा हात लागला की म्हैस पान्हा चोरायची. त्यामुळे शाळेआधीची धार विनूकडे असायची, चौथीपासून कॉलेजला जाईपर्यंत. वर्गातली पोरं नाक धरून त्याला म्हशा म्हणायची. एकदा तो रडत घरी आला होता आणि त्याने हात राखेने इतके घासले होते की सोलवटून निघाले होते. त्यानंतर त्याने म्हशींचं नाव कधी काढलं नाही. पुण्याला नाही, मुंबईला नाही, आणि इथे तर नाहीच. लग्नाला तेरा वर्षं झालेली मेघनाही पोह्यांचा झारा हातात घेऊन बघत उभी होती. मला माझ्या भावाचा इतका अभिमान वाटला की डोळे भरून आले, आणि ते लपवायला मी उगीच लॅपटॉपचा पडदा पुसू लागले.

अध्यक्षबाईंचं उत्तर आलं. "मग ठीक. थांबू या."

ईरा बापाकडे टक लावून बघत होती. "बाबा, यू हॅड बफेलोज? रिअल वन्स?"

"दोन," विनू म्हणाला. "चंद्री आणि मोरी."

"हाउ डू यू इव्हन मिल्क अ बफेलो?"

विनूने घड्याळाकडे बघितलं. खाली त्याची टॅक्सी येऊन उभी होती, फोन दोनदा वाजून गेला होता. त्याने शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत सारल्या, खुर्ची ओढून तिच्यासमोर बसला, तिचं बोट आपल्या मुठीत घेतलं आणि अंगठा आत दुमडून हळूच वरून खाली ओढलं.

"आधी नुसतं बसायचं," तो तिला सांगत होता. "आपल्याला घाई आहे हे तिला अजिबात कळता कामा नये."